कागदाचं वजन

असरनंतर मुलं येतात.
चपला दाराशी एकमेकींवर चढलेल्या,
दप्तरात इंग्रजी शाळेची वह्या-पुस्तकं, वरच्या कप्प्यात सिपारा,
जुन्या चादरीच्या तुकड्यात गुंडाळलेला.
नई जिंदगीतल्या या खोलीत मी अलिफ-बे शिकवते.
विड्या सोडून बारा वर्षं झाली,
बोटांना तंबाखूचा वास अजून येतो.

मुस्तकीमच्या खिशात फोन.
फोनमध्ये एक कारी राहतो, कुठल्या मुलखातला ठाऊक नाही.
पोरगा वाचतो, तो गुण देतो.
ब्याण्णव टक्के.
एकदा पोरं म्हणाली, आपा, तुम्हीपण वाचा की.
वाचलं.
एकसष्ट.
वर्ग हसला, मीही हसले,
रात्री मात्र तेच एक अक्षर जिभेवर घोळवत पडले.
'आपा, तुमारा काफ खे हो जाता,' मुस्तकीम हळूच म्हणाला होता.
होतो खरा.
आमच्या अख्ख्या गल्लीचा होतो.
आईकडून आला, तिला तिच्या आईकडून,
कधीतरी विजापूर वेशीतून भांड्याकुंड्यांबरोबर आत आलेला ख.
त्या कारीला हे कोण सांगणार?

त्या आठवड्यात सबक होता माप मारणाऱ्यांचा.
घेताना काठोकाठ, देताना हात आखडता.
मी नेहमीसारखा अर्थ सांगितला:
दूधवाला, तराजूखाली चिकटवलेली चिंच, रॉकेलचं मापटं.
पोरांनी रॉकेल पाहिलेलंच नाही.
मुस्तकीमने मान खाली घातली होती.

सुट्टीत तो अक्कलकोट रोडला जायचा, टॉवेलच्या कारखान्यात,
लेबलं लावायला.
जहाजाने जाणारा माल, धुण्याच्या सूचना पाच भाषांत.
लेबलावर पाचशे ग्रॅम.
काट्यावर चारशे साठ.
'आपा, वो सबक समंदरपार वालों कू भी लागू है क्या?
उनो तो तोलके देखते बी नहीं.'

मी वर पाहिलं.
पंखा फिरत होता.
पंख्याच्या पात्यावर कारखान्याच्या शेटचं नाव,
खाली चटयांवरही तेच.
म्हटलं, उद्या सांगते.
या वाक्याला गुण द्यायला कुणी नव्हतं.

उद्यापर्यंत तो थांबला नाही.
सुपरवायझरला म्हणाला, लेबल बदला, नाहीतर मी लावत नाही.
तीन दिवसांची मजुरी तिकडेच राहिली.
संध्याकाळी त्याची आई, मल्लिकाबी, सूप काखेत घेऊनच आली,
'क्या सिखाए तुमे इसकू?
माझ्या विड्यांतून मुकादम रोज मूठभर छाटतो,
म्या कधी तोंड उघडलं?'
मी तिला पाणी दिलं.
तिने ते अर्धंच प्यायलं.

दुसऱ्या दिवशी मी पंखा बंद केला.
त्रेचाळीस डिग्री. पत्र्याचं छप्पर.
सिपाऱ्याच्या पानांवर घामाची बोटं उमटली,
धाकट्या उमैमाचा घोळणा फुटला.
मी पुन्हा बटण दाबलं.
आजही चालू आहे. लपवत नाही.

मग रमजान आला, गेला. मुस्तकीम दिसेना.

परवा मंगळवार पेठेत शेंगाचटणी घ्यायला गेले,
तर दुकानात तोच, कोपरापर्यंत लाल.
'पावकिलो दे रे.'
त्याने कागद घेतला,
नुसता कोरा कागद काट्यावर ठेवला, आकडा पाहिला,
कागदाइतकं वजन उडवून शून्य केलं,
मग चमचा उचलला.
शेजारची बाई करवादली, कागदाचं कसलं वजन बाबा, आटप.
मी म्हटलं, 'सबक चालू आहे का?'
तो म्हणाला, 'रात कू पढतूं आपा.'
पढतूं म्हणताना जीभ आमच्याच गल्लीतली.
खिशात फोन वाजला, त्याने पाहिलं नाही.
मी पिशवी पुढे केली.
'जरा रुका आपा,' तो काट्यावर वाकून म्हणाला,
'आकडा हलतोय अजून.'